तणाच्या तळ्यातील बास मासा आणि न अडकणारा चमचा

शेततळ्यात किंवा गावतलावात मत्स्यबीज सोडणाऱ्या शेतकऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. बोटुकली मोजून सोडली, खाद्य वेळेवर दिले, पण काढणीच्या वेळी निम्मे मासेही हाती लागले नाहीत. याची कारणे अनेक असली तरी काठच्या तणात दडून बसणारा शिकारी मासा हे त्यातील एक प्रमुख कारण होय. तण असलेल्या भागात जाळे ओढता येत नाही, साधा गळ टाकला तर माशाऐवजी मूठभर तणच वर येते, आणि शिकारी मासा सुरक्षित राहतो.

अमेरिकेतील शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात उभा राहिला. तेथील शेततळ्यांत शिकारी मासा हा उपद्रव नसून मुद्दाम सोडलेले पीक आहे. त्याचे नाव लार्जमाऊथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास. हा मासा तणातून काढण्यासाठी तेथे धातूचा एक चमचा वापरतात, ज्याचा गळ तणात अडकत नाही. हे साधन कसे चालते, त्याचा तळ्याच्या व्यवस्थापनाशी काय संबंध आहे आणि आपल्याकडील मरळीसाठी त्यातून काय घेण्यासारखे आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

बास आणि तळ्याचा तोल

अमेरिकेत १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबविण्याची मोठी मोहीम सुरू झाली. १९३५ साली तेथे मृदसंधारण सेवा स्थापन झाली आणि तिच्या मदतीने गावोगाव शेततळी खोदली गेली. या पाण्यातून कुटुंबाला खाण्यापुरते मासे मिळावेत म्हणून अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे होमर स्विंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. त्यांनी बसविलेली जोडी म्हणजे ब्लूगिल आणि बास. ब्लूगिल हा तळहाताएवढा चपटा मासा कीटक व बारीक जीव खातो आणि भराभर वाढतो, तर बास ब्लूगिलला खातो. खत घातलेल्या तळ्यात एकरी १००० ब्लूगिल आणि १०० बास ही शिफारस पुढे सर्वत्र पसरली. तोल असलेली आणि तोल बिघडलेली तळी कशी ओळखावीत, यावरील स्विंगल यांची पुस्तिका १९५० साली प्रसिद्ध झाली.

हा तोल दोन्ही बाजूंनी बिघडतो. बास फार काढले तर ब्लूगिलवर अंकुश राहत नाही. ब्लूगिल उन्हाळ्यात अनेकदा अंडी घालत असल्याने तळे त्यांनी भरून जाते, सर्वांना खाद्य पुरत नाही आणि सगळे मासे बोटभर उंचीवर खुंटतात. शिवाय हे भुकेले ब्लूगिल बासची अंडीही खातात. उलट, बास काढलेच नाहीत तर तळ्यात २५-३० सेंटीमीटर लांबीच्या, डोके मोठे आणि पोट खपाटीला गेलेल्या बासची गर्दी होते. अशा तळ्यात ब्लूगिल थोडेच राहतात, पण ते चांगले मोठे असतात. ज्वारीची विरळणी केली नाही तर ताटे बारीक राहतात, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा अशा तळ्यातून लहान बास दरवर्षी काढावे लागतात.

जाळ्याने हे काम नीट होत नाही, कारण बासचा मुक्काम जाळे जाणार नाही अशाच जागी असतो. हा मासा पाठलाग करून नव्हे, तर दबा धरून शिकार करतो. पाणलिलीच्या पानांखाली, बुडालेल्या फांदीच्या सावलीत किंवा तणाचा पट्टा संपून मोकळे पाणी सुरू होते त्या कडेला तो स्थिर उभा असतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की एकदम झडप घालतो. त्याला डोळ्यांनी चांगले दिसते. त्याबरोबरच अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेषेमुळे पाण्यातील हालचालीची कंपने त्याला गढूळ पाण्यातही कळतात. म्हणून कृत्रिम आमिष नुसते चमकून चालत नाही, ते पाण्यात डुलावेही लागते.

कृषिविद्येच्या माणसाला तण म्हटले की काढून टाकण्याचीच घाई असते. मात्र बासच्या तळ्यात सगळे तण काढणे हिताचे नाही. तळ्याच्या १५ ते २० टक्के भागात तण असेल तर लहान माशांना आसरा आणि बासला शिकारीची जागा मिळते. त्यापेक्षा फार वाढले तर ब्लूगिल तणात लपून राहतात, बासला सापडत नाहीत आणि तोल पुन्हा ढळतो. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्लोरिडातील तलावांना सर्वांत जास्त छळणारे हायड्रिला हे तण मूळचे आपल्या भागातले. ते १९५० च्या दशकात काचेच्या टाकीत ठेवण्याची शोभेची वनस्पती म्हणून तेथे गेले आणि तलाव व्यापून बसले. आपल्याला जलपर्णीने जे दिले, त्याची अशी फेड झाली म्हणायची.

चमचा न अडकण्याचे कारण

माशासाठी धातूचा चमचा वापरण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. ज्युलिओ ब्यूएल या गृहस्थांनी १८५२ साली अशा आमिषाचे पेटंट घेतले. होडीतून जेवणाचा चमचा पाण्यात पडला आणि चकाकत खाली जाताना त्यावर एका माशाने झडप घातली, त्यावरून त्यांना हे सुचले, अशी हकिगत सांगतात. परंतु या चमच्यांचे गळ उघडे असत आणि ते तणात अडकत. ही अडचण लुई जॉन्सन यांनी १९२० च्या दशकात दूर केली. त्यांचा 'सिल्व्हर मिनो', म्हणजे चंदेरी मासोळी, हा चमचा शंभर वर्षांनंतर आजही त्याच आकारात ओळखला जातो.

त्याची रचना साधी आहे. लांबट पानाच्या आकाराचा, मध्ये खोलगट असा धातूचा पत्रा असतो. त्याची फुगीर बाजू होडीच्या तळासारखी खाली राहते. एकच गळ असतो आणि तो लोंबता नसून पत्र्याच्या खोलगट बाजूला पक्का बसविलेला असतो. गळाचे टोक वर, आकाशाकडे असते. साध्या चमच्याला मागे कडीत तीन टोकांचा गळ लोंबतो आणि तो कोणत्याही दिशेने तणात रुततो. येथे टोक नेहमी वर राहते, कारण पत्र्याचे वजन खाली आहे. पुढच्या बाजूने निघालेली एक स्प्रिंगसारखी लवचिक तार गळाच्या टोकावर तिरपी येऊन थांबते. तिला आपण राखणतार म्हणू. तणाची पात समोरून आली की ती तारेवरून घसरून मागे जाते, टोकापर्यंत पोहोचत नाही. मासा मात्र तोंड मिटतो तेव्हा जबड्याच्या दाबाने तार खाली वाकते आणि टोक उघडे पडते.

सगळे कौशल्य या तारेच्या ताणात आहे. तार फार ताठ असेल तर मासा चावूनही सुटतो आणि फार सैल असेल तर प्रत्येक फेकीला तण गोळा होते. नवीन चमचा विकत आणला की बहुतेक लोक तो तसाच वापरतात, आणि दोन-चार मासे सुटले की साधनालाच दोष देतात. वास्तविक पहिल्याच दिवशी तार हाताने बसवून घ्यावी. तारेचे टोक गळाच्या टोकाच्या किंचित वर, साधारण ३ ते ४ मिलिमीटर अंतरावर आणि अगदी सरळ रेषेत असावे. अंगठ्याने दाबली असता तार सहज वाकली पाहिजे आणि सोडताच जागेवर आली पाहिजे. तण दाट असेल त्या दिवशी तार थोडी वर उचलावी, विरळ असेल तर खाली आणावी. या गळाचा दांडा जाड असल्याने कारखान्यातून येणारे टोक बरेचदा बोथट असते. बारीक कानशीने ते नखावर घासता न घसरता रुतेल इतके धारदार करावे.

चमचे साधारणतः ७, १४ आणि २१ ग्रॅम वजनाचे मिळतात. शेततळ्यासाठी ७ ते १४ ग्रॅम पुरेसे आहे. स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर चंदेरी, पाणी गढूळ असेल तर सोनेरी आणि सायंकाळी काळा रंग चांगला, असा तेथील अनुभव आहे. मात्र रंगापेक्षा जागा आणि गती यांना अधिक महत्त्व द्यावे. गळाच्या मागे रबराची दुहेरी शेपटी किंवा झालर लावतात. पूर्वी यासाठी मिठात मुरवलेल्या डुकराच्या कातडीची पट्टी वापरीत. शेपटीमुळे चमचा पाण्यात सावकाश उतरतो आणि माशाच्या तोंडाला मऊ लागतो, त्यामुळे तो लगेच थुंकून टाकीत नाही.

वापरण्याची पद्धत

काठी साडेसहा ते सात फुटांची आणि टोकापेक्षा मधल्या भागात ताठ असावी. बारीक तंगूस तणात टिकत नाही, म्हणून ७ ते ९ किलो ताण सहन करणारा नायलॉनचा तंगूस किंवा त्याहून बळकट विणलेली दोरी वापरावी. चमचा डुलताना कधी कधी गरकन फिरतो आणि दोरीला पीळ पडतो. त्यासाठी चमच्याच्या पुढे फूटभर अंतरावर एक लहान फिरती कडी बांधावी.

चमचा माशाच्या डोक्यावर फेकू नये. जेथे मासा असेल असे वाटते त्या जागेच्या पलीकडे तो टाकावा आणि पाण्याला टेकताच काठीचे टोक उंच धरून रीळ फिरवू लागावे. असे केल्याने चमचा बुडत नाही, पाणलिलीच्या पानांवरून बेडकासारखा सरकत येतो. पानांमध्ये जेथे परातीएवढी मोकळी जागा दिसेल तेथे क्षणभर थांबावे. चमचा डुलत डुलत खाली जातो आणि बहुधा याच वेळी मासा येतो, म्हणून दोरी पूर्ण ढिली सोडू नये. हलक्या ताणाने चमच्याच्या मागे काठी खाली न्यावी. तण पाण्याखाली असेल आणि वर हातभर मोकळे पाणी असेल तर चमचा तणाच्या माथ्याला घासत, एका संथ गतीने ओढावा. गती इतकीच ठेवावी की चमचा दोन्ही बाजूंना डुलेल, पण गोल फिरणार नाही. काठीच्या टोकाला त्याची थरथर जाणवते, ती बंद झाली की तण अडकले असे समजावे.

पाणी फुटल्याचा आवाज झाला की हिसका देण्याची घाई होते आणि बहुतेक मासे येथेच जातात. पानांवरून येणाऱ्या चमच्यावर बास पुष्कळदा नेम चुकवतो. आवाजाने नव्हे, तर हाताला वजन लागल्यावर हिसका द्यावा आणि मग तो कचरू नये. राखणतार वाकवून जाड गळ जबड्यात रुतवायचा असतो, म्हणून दोरीतील ढील काढून जोरात आणि एकदाच ओढावे. नेम चुकला तर चमचा बाहेर न काढता तेथेच थोडा थांबवावा. बास पुन्हा येतो.

मासा लागल्यावर त्याचे डोके लगेच वर ठेवून त्याला तणाच्या वरून ओढून आणावे, खाली जाऊ देऊ नये. तो तणात शिरलाच तर झटके देण्यात अर्थ नाही. दोरी ताठ धरून होडीने त्याच्याजवळ जावे आणि तणासकट उचलून घ्यावे. एकच गळ असल्याने सोडावयाचा मासा फारशी इजा न होता सुटतो, हा याचा आणखी एक फायदा आहे.

सकाळी आणि सायंकाळी बास उथळ कडेला येतो, भर उन्हात तो दाट पानांच्या सावलीत राहतो. पाण्याचे तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली गेले की तो मंदावतो आणि वेगाने जाणाऱ्या चमच्याकडे ढुंकून पाहत नाही. वसंतात पाणी साधारण १६ ते १८ अंशांवर आले की नर उथळ पाण्यात घरटे उकरून अंडी व पिले राखतो. या काळात तो जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो, त्यामुळे पकडणे सोपे जाते. पण राखणारा नर काढला की ब्लूगिल घरटे साफ करतात. ज्या तळ्यात बास कमी आहेत तेथे हे टाळलेले बरे.

तळ्याची नाडीही याच चमच्याने पाहता येते. हंगामात जेवढे बास लागले त्यांची लांबी व वजन वहीत लिहून ठेवावे. एकसारखे लहान आणि रोडके मासे लागत असतील तर गर्दी झाली आहे, ते परत सोडू नयेत. निरनिराळ्या लांबीचे, पाठीवर भरलेले मासे लागत असतील तर तोल ठीक आहे. क्वचितच पण मोठा बास लागत असेल आणि काठाला बोटभर ब्लूगिलचे थवे दिसत असतील तर बास काढणे थांबवावे. दुधाची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ही वही जड जाणार नाही.

बास आपल्याकडे आणू नये

वाढीला चांगला आणि खायला रुचकर मासा म्हटल्यावर तो आपल्या तळ्यात का नको, असा प्रश्न येईल. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला गेला. तेथून तो देशभर पसरला, स्थानिक माशांचा त्याने फडशा पाडला आणि २००५ साली त्या देशाला कायद्याने त्याला उपद्रवी परकीय जात ठरवावे लागले. गंमत अशी की, जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने १९३२ साली पकडलेल्या सुमारे १० किलोच्या बासचा जागतिक विक्रम २००९ साली गाठला गेला, तो जपानमधील बिवा सरोवरात. मासा परक्या पाण्यात किती माजतो याचा याहून वेगळा पुरावा नको. पेरींनी आपला मासा घरी नेऊन खाल्ला, हे त्यातल्या त्यात बरे केले. आपल्या कटला, रोहू, मृगळ यांच्या तळ्यात बासला जागा नाही.

मरळीसाठी उपयोग

बास येथे नको असला तरी तो पकडण्याचे तंत्र उपयोगी आहे, कारण आपली मरळ त्याच वळणाची आहे. तीही तणात दबा धरते, बेडूक आणि लहान मासे खाते आणि ओढजाळ आले की चिखलात किंवा तणात शिरते. शिवाय ती हवेतून श्वास घेते, त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यात आणि ओल्या चिखलात तग धरते. पावसाळ्यात ओलसर जमिनीवरून सरपटत ती एका पाण्यातून दुसऱ्यात जाते. म्हणून आपण सोडली नाही तरी ती तळ्यात येते.

संगोपन तळे रिकामे असेल, बोटुकली अजून सोडावयाची असतील, तर गळाच्या मागे लागू नये. तळे पूर्ण वाळवावे, आणि ते शक्य नसल्यास एक मीटर खोलीच्या पाण्यात हेक्टरी २५०० किलो मोहाची पेंड टाकावी. तिच्यातील विषारी अंश सुमारे तीन आठवड्यांत ओसरतो आणि नंतर तिचे खत होते. मात्र तळ्यात कटला-रोहू वाढत असताना पेंड टाकता येत नाही. काठच्या तणामुळे जाळे फिरत नाही, आणि मरळ तर रोज बोटुकली खात असते. न अडकणाऱ्या चमच्याची खरी जागा ही आहे.

मरळ थोड्या थोड्या वेळाने श्वास घ्यायला वर येते. सकाळी काठावर शांत बसून तण्याच्या फटीत बुडबुडा किंवा 'पुळुक' असा आवाज कोठे होतो ते पाहावे आणि त्याच्या चार-पाच फूट पलीकडून चमचा संथपणे आणावा. तिचा जबडा बासपेक्षा कठीण असल्याने हिसका अधिक जोराचा लागतो. बासला खालच्या ओठाला धरून उचलतात, तसे मरळीला कधीही धरू नये, तिचे दात बोट फाडतात. फडक्याने मानेमागे धरून पक्कडीने गळ काढावा. मरळीला काटे कमी आणि बाजारात जिवंत माशाला भाव चांगला, म्हणून काढलेला शिकारी वाया जात नाही. नैसर्गिक तलावात मात्र तांबूस पिलांचा घोळका पृष्ठभागावर दिसला की त्याखाली आईबाप राखण करीत असतात, तेथे चमचा टाकू नये. गावतलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असल्यास आधी तिची परवानगी घ्यावी.

आपल्याकडे मरळीसाठी गळाला जिवंत बेडूक लावण्याची रीत आहे. एकेक बेडूक शेतातील किती किडे खातो हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली. चमचा किंवा रबरी बेडूक तेच काम करतो आणि वर्षभर टिकतो.

चमचा घरीही तयार करता येईल. पितळी चमच्याचा दांडा कापून टाकावा, कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात आणि अरुंद बाजूला दोरीसाठी भोक पाडावे. लांब दांड्याचा गळ खोलगट बाजूत, टोक वर करून, कथलाच्या डाखाने बसवावा. पितळी झाळ देऊ नये, जास्त आचेने गळाचे पाणी उतरते आणि तो मऊ पडून सरळ होतो. राखणतार स्प्रिंगच्या पोलादी तारेची घ्यावी, बांधकामाची तार वाकली की तशीच राहते. तयार झाल्यावर बादलीत ओढून पाहावा. उलटा होत असेल तर खालच्या बाजूला थोडा डाख वाढवावा.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात कोणताही गळ टाकू नये. राखणतार असली तरी टोक कडेच्या घडीत रुतू शकते आणि एका छिद्रातून हंगामाचे पाणी जमिनीत जाते. अशा तळ्यातील मरळ, पाणी सिंचनासाठी उपसून गुडघाभर राहिले की, बारीक आसाच्या जाळ्याने काढावी आणि पुढच्या पावसापूर्वी पाणी आत येण्याच्या तोंडाला जाळी बसवावी.